मराठवाड्यात राहून काच फुंकायची आहे? आधी क्रम नीट लावा

काचकामात उतरू पाहणाऱ्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. भट्टी कुठे मिळेल, खर्च किती येईल, आणि क्लास कधीपासून घेता येतील? हा क्रमच उलटा आहे. तसं गेलं की पैसा विटांत आणि गॅसमध्ये जातो, हात मात्र कोराच राहतो.

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड अशा ठिकाणी राहून कलाकार आणि शिक्षक म्हणून काचेवर पोट भरायचं असेल, तर क्रम असा लावा: आधी टॉर्चवर (टेबलावरच्या गॅस बर्नरवर) नळीकाम, मग ॲनीलिंग (काचेतला ताण काढणं), मग दुरुस्तीची कामं, मग स्वतःची कला, आणि शिकवणं सगळ्यात शेवटी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १ : भट्टी की टॉर्च, हे आधी ठरवा

काच फुंकण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली भट्टीची. मुशीत वितळलेली काच साधारण ११०० अंश सेल्सिअसला रात्रंदिवस तशीच ठेवायची आणि लोखंडी फुंकनळीवर घेऊन फुंकायची. मूस थंड होऊ दिली तर तडकते, म्हणून संध्याकाळी भट्टी बंद करून घरी जाता येत नाही. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही गॅस जळतच असतो. फिरोजाबादला हे परवडतं, कारण तिथे काच, गॅस, मिस्त्री आणि गिऱ्हाईक एकाच गावात आहेत. बीड-परभणीत एकट्या माणसाने मांडलेल्या भट्टीला यातलं काहीच जवळ नसतं.

दुसरी वाट टॉर्चची. टेबलावर बर्नर, हातात तयार काचनळी किंवा कांडी. काम संपलं की गॅस बंद. मराठवाड्यातून सुरुवात करायची ती इथूनच, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

भट्टीचं काम शिकायचंच असेल तर बाहेर जाऊन शिका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक आणि काच हा पदव्युत्तर विषय आहे. फिरोजाबादला काच उद्योग विकास केंद्र आहे. परदेशात न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयाचा स्टुडिओ आणि वॉशिंग्टन राज्यातलं, १९७१ साली सुरू झालेलं पिलचक ग्लास स्कूल छोटे अभ्यासक्रम घेतात, शिष्यवृत्त्याही देतात. पण अशा अर्जांत तुमच्या तयार कामाचे फोटो लागतात, म्हणजे टेबलावरचा हात आधी हवाच.

सावधान: कारखान्यात 'शिकायला' जाण्याआधी रोज नेमकं कोणतं काम मिळणार ते विचारून घ्या. मोठ्या भट्टीवर कामाची वाटणी असते. एक जण काच उचलतो, दुसरा फुंकतो, तिसरा तोंड कापतो. सहा महिने एकाच जागी उभं राहून पूर्ण वस्तू हातून होत नाही.

टप्पा २ : जागा, गॅस आणि काच

खोली तळमजल्यावर घ्या, तळघरात अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की जमिनीलगत साचतो. टॉर्चच्या मागे वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा हवा आणि ताजी हवा तुमच्या पाठीमागून यायला हवी. छताचा पंखा लावून काम होत नाही, ज्योत हलते आणि काच एका बाजूने थंड पडते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी टॉर्चसमोर बसणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. पहाटे पाचला सुरू करा, दहाला थांबा. टेबलावर सनमायका नको, सिमेंट बोर्ड आणि त्यावर पत्रा टाका.

गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. ऑक्सिजन वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडे मिळतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून उभा ठेवा. दोन्ही लायनींवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी पाइपात शिरू न देणारी झडप, लावा. सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती पाहा, काडी पेटवून कधीही नाही.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं. घट्ट बसलेली चकती सैल करायला कुणी तेलाचा थेंब सोडतो, आणि तिथेच अनर्थ होतो.

कोविडनंतर अनेक गावांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. स्वतः विकत घेतलेलं, चालू स्थितीतलं यंत्र छोट्या टॉर्चला चालतं. रुग्णांसाठी दान आलेलं यंत्र मात्र आणू नका. मोठ्या नळीकामाला सिलिंडरच लागतो.

पेटवण्याचा क्रम: आधी गॅस, मग ठिणगी, मग हळूहळू ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. तो भिंतीवर लिहून ठेवा.

चष्मा डिडिमियमचाच हवा. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगमगाट तोच कापतो, तरच कडा दिसते. काळ्या गॉगलने सगळंच अंधारतं. मोठं बोरोसिलिकेट काम करत असाल तर उष्णतेचे किरण अडवणारी जादा गडद काचही लागते.

आता काच. पहिलं वर्ष फक्त बोरोसिलिकेट ३.३ घ्या, प्रयोगशाळेच्या बीकरची असते ती. साधी सोडा-लाइम काच लवकर मऊ होते खरी, पण ज्योतीत घाईने नेली की तडकते. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दोन जातींच्या काचा एकत्र जोडल्याने. तापल्यावर काच किती फुगते याचा एक अंक असतो. बोरोचा ३३, मुरानोच्या रंगीत कांड्यांचा १०४. जोडताना काही कळत नाही, गार झाल्यावर सांधा फुटतो. कधी त्याच रात्री, कधी गिऱ्हाइकाच्या घरी.

तपासणी: अनोळखी तुकडा सोयाबीन तेलाच्या वाटीत बुडवा. बोरोसिलिकेट तेलात जवळजवळ दिसेनासा होतो, सोडा-लाइमची कडा स्पष्ट दिसत राहते. बोरोसिलिकेट आणि तेल यांचा प्रकाश वळवण्याचा अंक जवळपास सारखा, १.४७ च्या आसपास, म्हणून असं होतं. तुकडा ज्योतीत नेण्याआधी साबणाने धुवा, आणि वाटी ऑक्सिजनपासून लांब ठेवा.

दुसरी तपासणी जोडकामाआधी करा. दोन कांड्यांची टोकं आडवी शेजारी-शेजारी चिकटवून तापवा आणि केसासारखा बारीक धागा ओढा. गार झाल्यावर धागा सरळ राहिला तर काचा जुळतात. धनुष्यासारखा वाकला तर जोडू नका.

टप्पा ३ : हात बसवणं

इथे घाई सगळ्यात महाग पडते. सुरुवातीला टॉर्च न पेटवता गार नळी दोन्ही हातांत आडवी धरून सारख्या वेगाने फिरवा. डावा हात मागे पडतो, बहुतेकांचा पडतो. नळीवर स्केचपेनने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ काढा. दोन्ही टोकांची रेघ एकाच वेळी वर यायला हवी. टीव्ही पाहतानाही हा सराव होतो.

मग पुढील क्रमाने जा, आणि एक बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका: नळी कापणं, टोक ओढणं, तळ गोल बंद करणं, फुगा, सरळ जोड, वाक, टी-जोड, आणि शेवटी नळीत नळी बसवायचा रिंग सील.

यातलं टोक ओढणं जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १२ ते १६ मिलिमीटरची नळी घ्या. आधी पिवळ्या मऊ ज्योतीत फिरवत गरम करा, मग ऑक्सिजन वाढवा. नळीच्या रुंदीएवढाच पट्टा तापवायचा. काच नारिंगी होते, मग दोन हातांमधली जोडणी ढिली पडल्यासारखी वाटते. तेव्हा नवशिका घाबरून ओढायला लागतो. थांबा. फिरवत राहा, काच थोडी जाड होऊन गोळा होऊ द्या. मग ज्योतीतून बाहेर काढा, एक श्वास थांबा, सुरुवातीला हळू आणि शेवटी जोरात ओढा. फिरवणं ओढतानाही चालूच. काच ताठ होईपर्यंत ताण सोडायचा नाही, नाहीतर टोक वाकडं लोंबतं.

तपासणी: गार झालेलं टोक चिमटीत धरून नळी फिरवा. दुसरं टोक थरथरत, गोल घुमत असेल तर ओढ मध्यावर नाही. तो तुकडा पुढे वापरू नका. वाकड्या टोकावर सरळ फुगा येत नाही.

फुगा करताना ज्योतीत असतानाच फुंकणं ही नेहमीची चूक आहे. जिथे जास्त तापलं तिथेच काच पातळ होऊन फुटते. काच ज्योतीबाहेर आणा, एक श्वास थांबा, फिरवत फिरवत हलक्या फुंकरी द्या. पातळ भाग आधी गार होऊन ताठ होतो, जाड भाग मऊ राहून फुगतो. थांबल्यामुळे भिंत सारखी होते ती अशी.

सावधान: गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच असते. टेबलावर गरम तुकड्यांची जागा ठरवा, आणि उचलण्याआधी हाताची पाठ जवळ नेऊन आच पाहा.

टप्पा ४ : ॲनीलिंग, म्हणजे ताण काढणं

अख्ख्या लेखातलं एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा. कारागीर आणि हौशी यांच्यातला फरक मला इथेच दिसतो.

गरम काच बाहेरून आधी गार होते, आत उशिरा. त्यामुळे आत ताण अडकतो. वस्तू सुंदर दिसते आणि चार महिन्यांनी कपाटात आपोआप तडकते. उपाय एकच. विजेच्या छोट्या भट्टीत (ही काच वितळवायची भट्टी नव्हे) सगळी वस्तू एकसारखी ठरावीक तापमानाला न्यायची, तिथे ठेवायची आणि मोजून हळू खाली आणायची. बोरोसिलिकेटसाठी ते तापमान ५६० अंशांच्या आसपास असतं, आणि ५१० अंशांच्या खाली काच ताण सोडत नाही. म्हणून ५६० ते ५०० हा उतार सगळ्यात काळजीचा.

साध्या ३ मिलिमीटर जाडीच्या कामाला ५६५ अंशांवर अर्धा तास, मग मिनिटाला २ अंशांनी ५०० पर्यंत, मग भट्टी बंद करून दार न उघडता हात लावता येईल इतकी गार होऊ द्या. ६ मिलिमीटरला तास आणि निम्म्या वेगाने उतार. जाडी मोजायची ती सगळ्यात जाड सांध्याची, नळीची नाही. दुसऱ्या कंपनीची किंवा जातीची काच असेल तर तिच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या.

लोक चुकतात कुठे? गरम वस्तू राखेत, वाळूत किंवा सिरॅमिक लोकरीत पुरून ठेवली म्हणजे ॲनीलिंग झालं, असं समजतात. त्याने गार होणं लांबतं, ताण निघत नाही. पिवळ्या ज्योतीत फिरवणंही तात्पुरतंच, भट्टीत जाईपर्यंत वस्तू टिकावी एवढ्यापुरतं.

छोट्या भट्टीला २ ते ३ किलोवॉट लागतात, सिंगल फेजवर चालते. पण १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी हवा. आणि वीज जाणारच, हे गृहीत धरा. भट्टीच्या तापमानाचा कार्यक्रम चालवणारा कंट्रोलर घेताना विचारा: वीज परत आल्यावर तो कार्यक्रम जिथे थांबला तिथून पुढे नेतो, पहिल्यापासून सुरू करतो, की बंदच राहतो? वीज गेली तर दार उघडायचं नाही. वीज आल्यावर पुन्हा ५६५ ला नेऊन संपूर्ण उतार नव्याने करा. उरलेला उतार पुरे होईल, हा हिशोब धोक्याचा आहे.

थर्मोकपलचं, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक वस्तूंच्या उंचीवर हवं, भिंतीला टेकलेलं नको. आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. दोन विटांवर बोरोची बारीक कांडी आडवी ठेवून कार्यक्रम चालवा. ५६५ वर ती मध्ये स्पष्ट झोळ खात असेल तर आतलं तापमान दाखवतं त्याहून जास्त आहे.

तपासणी: ताण डोळ्यांनी पाहता येतो. जुना एलसीडी मॉनिटर पूर्ण पांढरा करा. डोळ्यासमोर पोलरायझिंग फिल्म किंवा तसा चष्मा धरून स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा. आता काच स्क्रीन आणि फिल्म यांच्या मध्ये धरा. सगळीकडे अंधार राहिला तर वस्तू तयार. सांध्याशी पांढरा उजेड चमकला तर तिथे ताण आहे, ती परत भट्टीत. ही तपासणी झाल्याशिवाय एकही तुकडा दाराबाहेर जाऊ नये.

टप्पा ५ : दुरुस्तीची कामं

कलाकाराला दुरुस्ती कमीपणाची वाटते. पण भाडं आणि गॅस यातूनच निघतं, शिवाय दुसऱ्याच्या मापाला काम करायची शिस्त लागते. संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीच्या विज्ञान महाविद्यालयांत, परभणीच्या कृषी विद्यापीठात, वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्याच्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत कंडेन्सरच्या तुटलेल्या नळ्या आणि चिरलेल्या फ्लास्कच्या माना पडून असतात. प्रात्यक्षिक परीक्षांच्या दीड-दोन महिने आधी जाऊन भेटा. जाताना दुरुस्तीच्या आधी-नंतरचे फोटो न्या, आणि बी १४, बी १९, बी २४ या मापांचे, एकमेकांत बसणारे घासलेले सांधे ओळखता यायला हवेत. कॉलेजचं काम कोटेशनवर चालतं, बिल बऱ्याचदा मार्चअखेरीला निघतं. तेवढी कळ काढावी लागते.

घेण्याआधी आत कोणतं रसायन होतं ते लेखी घ्या. पारा किंवा सायनाइडचं नाव निघालं, किंवा कुणालाच आठवत नसलं, तर परत करा. पूर्ण धुऊन, वाळवून, द्रावकाचा वास नाही याची खात्री करूनच ज्योतीत न्या. टेफ्लॉनची चकती, रबर, ग्रीस काढून टाका. टेफ्लॉन जळला की विषारी वाफ निघते.

सावधान: ब्युरेट, पिपेट आणि मापाच्या फ्लास्कचा खुणांचा भाग तापवायचा नाही. तापल्यावर आतलं माप बदलतं आणि खुणा खोट्या ठरतात. ब्युरेटचं टोक दुरुस्त करता येतं, खुणा असलेली नळी नाही. व्हॅक्युमवर चालणारं भांडं पहिल्या वर्षी घेऊच नका.

टप्पा ६ : स्वतःचं काम, भाव आणि कागदपत्रं

आता कला. एक आकार निवडा आणि तोच वेगवेगळ्या मापांत करत राहा. खरेदीदार आणि प्रदर्शनवाले दोघेही तुमचं काम ओळखू शकले पाहिजेत. संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डर नोव्हेंबरातच घ्या, जानेवारीत उशीर होतो. दिवाळीचे काचेचे दिवे आणि पोळ्याच्या साजाचे मणी यांनाही आपल्याकडे जागा आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकासाठी वस्तू तळहातात मावेल अशी आणि बॅगेत टिकेल अशीच हवी.

भावात काच, गॅस, ऑक्सिजन, विजेची युनिटं, वेळ आणि फूट हे सगळं धरा. दहा केले आणि तीन फुटले, तर दहांचा खर्च सातांवर वाटा. फूट न धरल्यामुळेच पहिल्या वर्षाचा हिशोब आतबट्ट्याचा होतो.

उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत काच फुंकणं नाही, तिथे खेटे घालू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के.

टप्पा ७ : शिकवणं

तुमच्या वस्तू लोकांच्या घरात एक पावसाळा आणि एक उन्हाळा न तडकता राहिल्या, की शिकवायला सुरुवात करा. त्याआधी नको. शिकणारा तुमचा दोष तसाच्या तसा उचलतो.

एका वेळी पेटलेल्या टॉर्च तुम्हाला नजरेत ठेवता येतील तेवढ्याच, नवख्यांच्या बाबतीत दोन, फार तर तीन. बाकीचे तोवर गार नळी फिरवतील किंवा मॉनिटरवर ताण पाहतील. सुती कपडे, बंद बूट, केस बांधलेले. ओढणी, नायलॉनची साडी, सैल बाह्या आणि हातातल्या बांगड्या टेबलापासून दूर. शाळकरी मुलांना मी ज्योत देत नाही, त्यांना प्रात्यक्षिक दाखवते.

पहिल्या बैठकीत कुणाकडूनही वस्तू करून घेऊ नका. क्रम असा: गळती पाहणं, पेटवणं-बंद करणं पाच-सात वेळा, कांडी वितळवून गोळा करणं, मग टोक ओढणं. 'पहिल्याच दिवशी स्वतःचा पेंडंट घेऊन जा' अशी जाहिरात करणाऱ्या क्लासमध्ये घाईचा तुकडा न ॲनील होताच घरी जातो. तुमची फी लावताना रात्रभराच्या भट्टीची वीज तीत धरा आणि वस्तू दुसऱ्या दिवशीच मिळेल, हे आधीच सांगा.

भाजण्याची तयारी वर्ग भरण्याआधी. भाजलं तर २० मिनिटं वाहतं गार पाणी, हाच पहिला उपचार. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीच नाही. पण ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथे २० मिनिटांचं पाणी आयत्या वेळी कुठून आणणार? तोटीचा ड्रम टॉर्चजवळ कायम भरलेला ठेवा, आणि त्यातलं पाणी घासकामाला वापरू देऊ नका. घासकामाला वेगळी टाकी, पाणी निवळून परत वापरायचं. काच कोरडी घासायची नाही, ती धूळ फुप्फुसात बसते. खाली साचलेला गाळ ओला असतानाच पिशवीत भरा, गटारात सोडू नका.

बॅच संपल्यावर महिन्याभराने प्रत्येकाला फोन करा आणि नेलेल्या वस्तूंचे फोटो मागवा. दोघांच्या वस्तू एकाच जागी, समजा सांध्याशी, तडकल्या असतील तर दोष त्यांच्या हातात नाही. भट्टीचा उतार तपासा, सांधा कसा शिकवलात ते पाहा, आणि ते निस्तरेपर्यंत पुढच्या बॅचची तारीख देऊ नका.